पहिल्यांदाच चेकने पैसे येणार आहेत. माल कधी सोडायचा?

रंधा_पटाशी

नमस्कार मंडळी. सांगलीत माझं सुतारकामाचं छोटं वर्कशॉप आहे. आजवरचा सगळा व्यवहार रोखीत, नाहीतर मोबाईलवर. गिऱ्हाईक समोर उभं राहून पैसे पाठवतं, फोन वाजतो आणि टेम्पो निघतो. त्यामुळे चेकशी कधी संबंधच आला नाही. चेकबुक बँकेने दिलेलं आहे, ते ड्रॉवरमध्ये जसंच्या तसं पडून आहे.

आता एका क्लासवाल्यांकडून चाळीस बाकांची ऑर्डर आलीय. एका बाकाला ३,५०० प्रमाणे १,४०,००० रुपये. क्लास ट्रस्टचा आहे. त्यांचे हिशेबनीस म्हणतात की ट्रस्टचे पैसे चेकनेच जातात, दोघांच्या सह्या लागतात, मोबाईलवरून वगैरे काही होणार नाही. ९०,००० चा आजच्या तारखेचा चेक देणार आणि उरलेल्या ५०,००० चा दोन महिने पुढची तारीख टाकून. दोन्ही लिहून तयार आहेत, मला फोटोही पाठवलाय. चेक घ्यायला या आणि त्याच टेम्पोत बाकं घेऊन या, असं त्यांचं म्हणणं.

चेक हातात आला म्हणजे पैसे आले असं धरून चालायचं का? पुढच्या तारखेचा चेक आत्ताच बँकेत टाकून ठेवला तर बँक तो तारखेला आपोआप वटवते का? आणि तिसरी अडचण: चेक त्यांनी दुकानाच्या नावाने लिहिलेत. दुकानाच्या नावाने माझं खातं नाही, माझ्या स्वतःच्या नावाचं बचत खातं आहे. चालेल का? वडील म्हणतात, कागदावर बाकं देऊ नकोस. हिशेबनीस म्हणतात, अहो, चेक म्हणजे पैसेच.

---

खजिनदार_बी_विंग

फार विचार करू नका. आमच्या सोसायटीत अजून निम्मे लोक मेंटेनन्स चेकनेच देतात, मीच भरतो ते. वर डाव्या कोपऱ्यात दोन तिरप्या रेघा आहेत का बघा, असल्या की चेक सुरक्षित. मागे तुमचा खाते क्रमांक आणि मोबाईल नंबर लिहायचा. ड्रॉप बॉक्समध्ये टाकू नका, पोच मिळत नाही. काउंटरवर द्या आणि स्लिपच्या अर्ध्या भागावर शिक्का मारून घ्या. काउंटरवाले "बॉक्समध्ये टाका" म्हणतातच, पण पोच मागितली तर त्यांना नाही म्हणता येत नाही. चेक सहा महिने चालतो, त्यामुळे दुसऱ्याची घाई नाही.

---

जुना_क्लिअरिंगवाला

खजिनदारसाहेबांचा पोच घेण्याचा सल्ला सोळा आणे बरोबर. सहा महिन्यांचं मात्र जुनं झालं. १ एप्रिल २०१२ पासून चेकची मुदत तीन महिने आहे, आणि ती चेकवरच्या तारखेपासून मोजतात, तुमच्या हातात आला त्या दिवसापासून नाही.

मी सहकारी बँकेत क्लिअरिंगच्या टेबलावर नोकरी काढली, आता निवृत्त आहे. तेव्हा जरा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर मधलं सोडून द्या.

तुमचे वडील आणि ते हिशेबनीस यांच्यात वडील बरोबर आहेत. चेक म्हणजे पैसे नव्हेत. मालकाने वाण्याला चिठ्ठी लिहावी की "ही चिठ्ठी आणणाऱ्याला इतकं धान्य द्या आणि माझ्या खात्यावर मांडा", तसा तो खातेदाराने स्वतःच्या बँकेला लिहिलेला हुकूम आहे. आपल्याकडचा याचा कायदा १८८१ चा, निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट. त्यात चेकची व्याख्याच अशी आहे की ठरावीक बँकेवर काढलेला आणि मागताक्षणी द्यायचा. आता मुद्द्याचं ऐका. त्यांची बँक बांधील आहे ती त्यांना, तुम्हाला नाही. खात्यात शिल्लक नसेल तर बँक चेक परत पाठवेल आणि तिची जबाबदारी तिथे संपेल. तुम्ही तिच्या दारात जाऊन "सही तर आहे ना" म्हणून भांडू शकत नाही. तुमचं देणेकरी ते ट्रस्टवाले, आणि चेक दिल्यानंतरही, तो वटेपर्यंत, तेच देणेकरी राहतात.

तुम्ही चेक भरल्यावर काय होतं ते सांगतो, म्हणजे माल कधी सोडायचा ते आपोआप कळेल. पूर्वी काय व्हायचं, तर आम्ही बँकवार गठ्ठे बांधायचो, प्रत्येक गठ्ठ्याला बेरजेची पट्टी लावायचो, आणि ते क्लिअरिंग हाऊसला जायचे. तिथे सगळ्या बँकांची माणसं एकमेकांचे गठ्ठे घ्यायची. बेरीज एका रुपयाने चुकली तर कोणी घरी जात नसे. बाहेरगावचा चेक तर टपालाने फिरायचा. गिऱ्हाईक रोज येऊन विचारायचं आणि आम्ही रोज "अजून ॲडव्हाईस नाही" म्हणायचो.

आता कागद कुठेही जात नाही. तुमच्या बँकेत त्याचा पुढून-मागून फोटो निघतो आणि कागद तिथेच राहतो. फोटो आणि खालच्या पांढऱ्या पट्ट्यावरची चुंबकीय शाईतली माहिती पुढे जाते. त्या पट्ट्यावर आधी सहा आकडी चेक नंबर, मग नऊ आकडी एमआयसीआर कोड. त्यातले पहिले तीन आकडे शहराचे, पुढचे तीन बँकेचे, शेवटचे तीन शाखेचे. म्हणून त्या पट्ट्यावर काही लिहू नका, शिक्का मारू नका, तिथून घडी घालू नका, आणि देवाशपथ, टाचणी लावू नका. टाचण्या काढण्यात आमची अर्धी नोकरी गेली.

या पद्धतीला सीटीएस म्हणतात, चेक ट्रंकेशन. दिल्लीत २००८ ला सुरू झाली, मग चेन्नई, आणि मुंबईत एप्रिल २०१३ मध्ये. आता देशभर तीच आहे. फोटो त्यांच्या बँकेकडे गेला की तिथला माणूस आणि मशीन मिळून बघतात: तारीख, सह्या, खाडाखोड, शिल्लक, स्टॉप पेमेंटची सूचना, म्हणजे "हा चेक वटवू नका" असं खातेदाराने कळवलंय का. हो किंवा नाही कळवलं की बँकाबँकांमधली देवाणघेवाण रिझर्व्ह बँकेतल्या त्यांच्या खात्यांवर होते. तुमच्या ९०,००० साठी कोणी ९०,००० वेगळे पाठवत नाही. सगळ्या चेकांची वजाबाकी होऊन प्रत्येक बँकेचं निव्वळ देणं-घेणं तेवढं फिरतं.

४ ऑक्टोबर २०२५ पासून यात मोठा बदल झाला. आधी दिवसभराचे चेक एका बॅचमध्ये जायचे आणि पैसे दुसऱ्या दिवशी पडायचे. आता स्कॅन झाला की फोटो लगेच पुढे जातो, आणि त्यांच्या बँकेने त्याच दिवशी संध्याकाळी ७ पर्यंत हो-नाही कळवायचं. गप्प बसली तर चेक मान्य केला असंच धरतात. आमच्या काळात हे कोणी सांगितलं असतं तर हसलो असतो. तेव्हा सकाळी बँक उघडताच काउंटरवर चेक दिलात आणि त्यांनी तो लगेच स्कॅन केला, तर बहुतेक त्याच दिवशी निकाल लागेल. ड्रॉप बॉक्स मात्र ज्या वेळी उघडतात त्या वेळीच उघडतात. शाखेने लिहून लावलेली वेळ टळल्यावर टाकलात तर मोजणी दुसऱ्या कामाच्या दिवसापासून.

माल कधी सोडायचा याचं उत्तर: पैसे खात्यात जमा होऊन वापरता यायला लागले की. फोटो आला की नव्हे, चेक हातात आला की नव्हे, स्लिपवर शिक्का पडला की तर मुळीच नव्हे. तो शिक्का एवढंच सांगतो की तुम्ही कागद दिलात. ॲपमध्ये एकूण शिल्लक आणि उपलब्ध शिल्लक असे दोन आकडे दिसले तर उपलब्धवाला बघा.

आता नावाचं. तिथे खरी अडचण आहे. चेकवर नुसत्या दोन रेघा असतील तर तो काउंटरवर रोख मिळत नाही, कुठल्यातरी खात्यातच जमा व्हावा लागतो. रेघांमध्ये "अकाउंट पेयी" लिहिलं असेल तर ज्याचं नाव आहे त्याच्याच खात्यात. रेघाच नसतील आणि "या धारक को" हे छापील शब्द खोडलेले नसतील तर तो बेअरर चेक. रस्त्यात पडला तर उचलणारा काउंटरवर जाऊन पैसे घेऊ शकतो. ट्रस्टवाले अकाउंट पेयीच देणार. मग दुकानाच्या नावाचा चेक तुमच्या वैयक्तिक बचत खात्यात तुमची बँक घेणार नाही, आणि घेऊही नये. दोन रस्ते: दुकानाच्या नावाने चालू खातं उघडा (धंदा वाढतोय तर कधीतरी उघडावंच लागेल), किंवा चेक तुमच्या नावाने मागा, खात्यावर जसं नाव आहे अगदी तसं.

हिशेबनीस म्हणतील, "त्यात काय, नाव खोडून वर सही करतो." नको म्हणा. सीटीएसमध्ये तारीख सोडून कुठलीही खाडाखोड चालत नाही, मग तिच्याखाली चार सह्या असल्या तरी. नाव बदलायचं तर नवा चेक.

पुढच्या तारखेचा आत्ता भरला तर परत येईल, आपोआप तारखेला वगैरे काही वटत नाही. ज्या दिवशीची तारीख त्या दिवसापासून तीन महिने तुमच्या हातात. भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करा. काही बँका पुढच्या तारखेचे चेक सांभाळायची सोय देतात, पण एका चेकसाठी त्या भानगडीत कशाला पडता?

घेताना एवढं बघा. दोन्ही सह्या आहेत ना. ट्रस्टच्या नावाचा छापील मजकूर किंवा शिक्का आहे ना. अंकातली आणि अक्षरातली रक्कम एकच आहे ना. फरक असला तर कायद्याप्रमाणे अक्षरातली खरी, पण टेबलावरचा कारकून कायदा काढून वाचत बसत नाही, "रक्कम जुळत नाही" म्हणून परत पाठवतो आणि मोकळा होतो. भरण्याआधी दोन्ही बाजूंचा फोटो काढून ठेवा.

एक राहिलं, पॉझिटिव्ह पे. १ जानेवारी २०२१ पासून ५०,००० आणि त्यावरच्या चेकसाठी ही सोय आहे. चेक देणारा आपल्या बँकेला आधीच कळवून ठेवतो: नंबर, तारीख, कोणाच्या नावाने, किती रक्कम. चेक आला की बँक ताडून बघते. पाच लाखांपासून पुढे बँक सक्ती करू शकते, खाली ते खातेदाराच्या मर्जीवर. तुमचे दोन्ही चेक त्या हद्दीत येतात. हे काम त्यांचं आहे, तुमचं नाही, पण "पॉझिटिव्ह पे भरलं का हो?" एवढं विचारून ठेवा. भरताना नावाचं स्पेलिंग वेगळं टाकलं की पुन्हा घोळ.

---

रंधा_पटाशी

काका, खूप आभार. आत्ताच फोन केला. दुकानाच्या नावाचे दोन्ही चेक रद्द करून माझ्या नावाने नवे देतो म्हणाले, पण सह्या करणारे एक जण पुण्याला आहेत, ते गुरुवारी येणार. पॉझिटिव्ह पे म्हटल्यावर त्यांचा आवाजच बदलला, "तुम्ही बँकेत होता का?" म्हणाले.

९०,००० चं समजलं. पण ५०,००० चं काय? तोवर बाकं त्यांच्याकडे गेलेली असणार. तो परत आला तर? कोणीतरी म्हणालं की चेक बाउन्स झाला की सरळ पोलिसात जायचं.

---

काळा_कोट

पोलिसात नाही, कोर्टात. आणि तेही लगेच नाही, पायऱ्या आहेत. माझं निम्मं काम याच कलमाचं आहे म्हणून लिहिते.

१८८१ च्याच कायद्यात कलम १३८ आहे, १ एप्रिल १९८९ पासून लागू. शिल्लक अपुरी म्हणून चेक परत आला तर तो गुन्हा आहे: दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. खातंच बंद केलं असेल किंवा पैसे बुडवायला स्टॉप पेमेंट दिलं असेल तरी कोर्टं याच कलमात धरतात. पण चेक परत आल्याच्या क्षणी हा गुन्हा पूर्ण होत नाही, हे लोकांना माहीत नसतं. बँक रिटर्न मेमो देते, त्यावर कारण छापलेलं असतं. चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत तुम्ही लेखी नोटीस पाठवायची. ती मिळाल्यापासून त्यांना १५ दिवस. त्यात पैसे दिले तर विषय संपला. नाही दिले तर त्यानंतर एका महिन्यात तक्रार. २०१५ च्या दुरुस्तीनंतर तक्रार तुमचं खातं ज्या शाखेत आहे तिथल्या कोर्टात होते, म्हणजे तुम्हाला सांगलीतच.

नोटीस तोंडी नको, फोनवर नको. वकिलाकडून स्पीड पोस्टने, पावती जपून. नोटिसीत चेकच्या रकमेची मागणी स्पष्ट हवी. व्याज, मनस्ताप, टेम्पोभाडं सगळं एकाच आकड्यात घुसडून मागणारे पुढे अडचणीत येतात. मधल्या काळात त्यांनी वीस हजार दिले आणि तुम्ही तोच चेक पूर्ण पन्नास हजारांसाठी भरलात तरी केस पडू शकते. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये तसं सांगितलं आहे. काही रक्कम आली तर चेकवर तशी नोंद करा, नाहीतर उरलेल्या रकमेचा नवा घ्या.

आणि हे कलम कायदेशीर देण्यासाठी आहे. भेट म्हणून दिलेला चेक परत आला तर १३८ लागत नाही. तुमच्या बाबतीत देणं आहे, पण ते दिसलं पाहिजे. ऑर्डर लेखी घ्या, व्हॉट्सॲपवर का होईना. बिल करा. बाकं उतरवली की डिलिव्हरी चलनावर त्यांच्या माणसाची सही आणि तारीख घ्या. सही खरी असेल तर चेक देण्यापोटीच दिला असं कायदा गृहीत धरतो. पण समोरचा "बाकं खराब होती, म्हणून पैसे अडवले" म्हणायला मोकळाच असतो, तेव्हा चलन कामी येतं.

वेळ लागतो, ते लपवत नाही. २०१८ पासून कोर्ट खटला चालू असताना २० टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई द्यायला लावू शकतं, त्यामुळे थोडा फरक पडलाय. बऱ्याच केसेस मधेच तडजोडीने मिटतात.

---

जुना_क्लिअरिंगवाला

वकीलबाईंनी छान लिहिलंय. मी फक्त एवढंच म्हणेन की ५०,००० साठी कोर्टाची पायरी चढायची वेळ येऊ नये अशी सोय आत्ताच होते का बघा. बाकं दोन खेपांत द्या. ९०,००० वटले की पंचवीस बाकं, पन्नास हजार वटले की पंधरा. पंचवीस बाकांचे ८७,५०० होतात, म्हणजे तुमचा हात वरच राहतो. क्लास दोन महिन्यांनी पूर्ण भरणार असेल तर त्यांनाही पंधरा बाकांची आज घाई नसेल. नाहीच ऐकलं तर दुसऱ्या रकमेचा डिमांड ड्राफ्ट मागून बघा. ड्राफ्टचे पैसे बँक आधीच कापून घेते, त्यामुळे "शिल्लक नाही" हा प्रकारच उरत नाही. ड्राफ्ट द्यायला का कू करायला लागले तर त्यावरूनही बरंच कळतं.

आणि परत आला म्हणून लगेच वाईट अर्थ काढू नका. मेमोवरचं कारण वाचा. सही जुळत नाही, तारीख चुकली, असल्या कारणांनी सज्जन माणसांचे चेक रोज परत येतात. मुदतीत असेल तर पुन्हा भरता येतो. परत आल्याचे पैसे मात्र बँकेने आपल्या गिऱ्हाइकाची चूक असेल तरच कापायचे असतात.

---

खजिनदार_बी_विंग

तीन महिन्यांचं लक्षात ठेवतो. सोसायटीच्या नोटीस बोर्डावर सहा महिने लिहिलंय, उद्याच बदलतो.

---

शाईपेन

थोडं अवांतर. मी चेक मराठीत लिहिते, आकडेसुद्धा देवनागरीत. मागच्या महिन्यात एका शाखेत काउंटरवरच्या मुलाने परत दिला, "इंग्लिशमध्ये लिहून आणा" म्हणाला. नियम नक्की काय?

---

जुना_क्लिअरिंगवाला

अवांतर कसलं, माझ्या आवडीचा विषय. चेकचा छापील मजकूर हिंदी-इंग्रजीत असतो, पण भरणारा हिंदी, इंग्रजी किंवा त्या भागाच्या प्रादेशिक भाषेत लिहू शकतो, असं रिझर्व्ह बँकेचंच सांगणं आहे. महाराष्ट्रात मराठी चालते. शाखाधिकाऱ्याला भेटा, मुलाशी वाद घालू नका, त्याला कोणी शिकवलेलंच नसतं. इतकंच काय, भारतीय राष्ट्रीय पंचांगाची शके तारीख घातलेला चेकही बाकी सगळं ठीक असेल तर घ्यावा लागतो. आमच्याकडे एक संस्कृतचे निवृत्त मास्तर तसे चेक लिहायचे. चैत्रातला चेक आला की सगळं टेबल कॅलेंडर शोधायला उठायचं.

---

रंधा_पटाशी

दोन खेपांचं त्यांनी मान्य केलं! पंचवीस आणि पंधरा. उलट म्हणाले, बरंच झालं, मागची खोली अजून रंगवायची आहे. गुरुवारी चेक घेतो, शुक्रवारी सकाळी काउंटरवर. मागे खाते क्रमांक आणि मोबाईल नंबर लिहायचा, पण सही पण करायची का?

---

जुना_क्लिअरिंगवाला

अकाउंट पेयी चेक स्वतःच्या खात्यात भरताना मागे सहीची गरज नाही. खाते क्रमांक, नाव, मोबाईल पुरे. पेन निळं किंवा काळं, जेल पेन नको, शाई पसरली की फोटोत वाचता येत नाही. आणि स्लिपवर चेक नंबर लिहायला विसरू नका.